न ऐकणारा सूत्रधार : आपल्या रंगपरंपरेतील एका आडमुठ्या निवेदकाचा शोध



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी चार वर्षे बसलो आहे आणि त्यांच्या हातच्या छड्याही खाल्ल्या आहेत. त्यामुळे या व्यासपीठावर उभे राहताना वक्ता म्हणून जो एक मोकळेपणा असावा लागतो, तो मला अजूनही साधत नाही. गुरुजी मागच्या बाकावर बसून ऐकत आहेत आणि एखादा शब्द चुकला की भुवई उंचावतील, असेच वाटत राहते. असो.

विषय कळवला तेव्हा संयोजकांना तो काहीसा विचित्र वाटला असणार. त्याला कारण माझा नातू. गेल्या दिवाळीत तो पुण्याहून आला होता. दुपारी मी आडवा झालो असता त्याच्या संगणकातून एका माणसाचा आवाज येऊ लागला. आवाज इंग्रजी, सूर वैतागलेला. तो सांगत होता, की येथे कसलाही खेळ नाही, तुम्ही उगाच आलात, आता घरी जा. नातू हसत होता आणि त्या आवाजाचे काहीएक न ऐकता पडद्यावरच्या शीर्षकाची अक्षरे ओढून काढत होता. फ्रान्समधल्या एका छोट्या चमूने २०२० साली काढलेला हा खेळ. ‘देअर इज नो गेम’ हे त्याचे नाव, म्हणजे ‘येथे खेळ नाही’. खेळाचा निवेदकच खेळणाऱ्याची वाट अडवतो आणि ती अडवणूक हाच खेळ असतो.

मी विचारल्यावर नातवाने आणखी एक खेळ दाखवला. ‘द स्टॅन्ली पॅरेबल’. डेव्ही रेडन या तरुणाने तो प्रथम २०११ साली दुसऱ्या एका खेळाचे रूपांतर म्हणून केला आणि २०१३ साली तो स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाला. कचेरीत एक कारकून आहे, क्रमांक ४२७. दिवसभर पडद्यावर येणाऱ्या हुकमाप्रमाणे बटणे दाबायची, एवढेच त्याचे काम. एके दिवशी त्याचे सारे सहकारी नाहीसे होतात. तो उठून चालू लागतो आणि दोन उघड्या दारांपाशी येतो. निवेदक शांतपणे सांगतो, की स्टॅन्ली डावीकडच्या दारातून आत गेला. येथे व्याकरणाच्या जुन्या शिक्षकाचे लक्ष गेल्यावाचून राहिले नाही : निवेदक भूतकाळ वापरतो. अजून न घडलेली गोष्ट तो घडून गेल्याप्रमाणे सांगतो. खेळणारा मुद्दाम उजवीकडे वळला, की निवेदकाचा भूतकाळ खोटा पडतो. मग तो समजावतो, टोमणे मारतो, रागावतो, कथा पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. नातू एका झाडू ठेवायच्या खोलीत जाऊन उगाच उभा राहिला. त्या रिकामटेकडेपणावरही निवेदकाचे भाष्य तयार होते.

नातू म्हणाला, “आजोबा, असं पूर्वी कधी नव्हतं.” मी काही बोललो नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण हा आवाज माझ्या ओळखीचा होता. त्याच्याविषयी मी माझ्या पीएच. डी.च्या प्रबंधात एक वाक्य लिहिले आहे आणि ते वाक्य चुकीचे आहे. आजचे व्याख्यान हा त्या वाक्याचा शुद्धिपत्रवजा खुलासा समजावा.

नाट्यचर्चेत ज्याला ‘चौथी भिंत’ म्हणतात ती कल्पना फ्रेंच विचारवंत दिदेरो याने १७५८ साली मांडली. रंगमंचाच्या तीन बाजूंना भिंती असतात. चौथी प्रेक्षकांच्या बाजूने आहे असे नटाने मानावे आणि पडदा उघडलाच नाही अशा रीतीने वागावे, असे त्याचे म्हणणे. आजचे खेळकर्ते आपण ही भिंत फोडतो असे अभिमानाने सांगतात. फोडायला ती आधी बांधलेली असावी लागते. आपल्याकडे ती बांधली गेली फार उशिरा.

भरताच्या नाट्यशास्त्रात पूर्वरंगाची जी अंगे सांगितली आहेत, त्यांत ‘त्रिगत’ नावाचे एक अंग आहे. सूत्रधार, त्याचा साहाय्यक पारिपार्श्विक आणि विदूषक या तिघांचे ते संभाषण. त्यात विदूषकाने असंबद्ध बोलून सूत्रधाराला हसू आणावे, अशी योजना आहे. म्हणजे नाटकाचे सूत्र ज्याच्या हाती, त्याच्या हातातला दोरा ओढणारा माणूस शास्त्रानेच शेजारी उभा केला. हे शास्त्र वाचून गावोगावचे खेळे आपापला विदूषक घडवीत होते असे मला म्हणायचे नाही. पण कोकणातल्या दशावतारात काळ्या वेषातला संकासुर आरंभी येऊन सूत्रधार नाईकाला भंडावून सोडतो, तेव्हा त्रिगताचीच आठवण होते. गोंधळी कथा लावतो तेव्हा त्याचा साथीदार मधेच भलता प्रश्न विचारून त्याला थांबवतो. कथा सांगणारा एक आणि ती सुरळीत सांगू न देणारा दुसरा, ही जोडी आपल्याकडे इतकी रुळलेली आहे, की तिचे आपल्याला नवलच वाटेनासे झाले आहे.

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ केले. मराठी रंगभूमीचा आरंभ आपण तेथून धरतो. त्या खेळाची रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. सूत्रधार आणि त्याचे साथीदार सारी पदे गात. पात्रे त्या पदांच्या अनुरोधाने आपली भाषणे आयत्या वेळी करीत. मंगलाचरण झाले, की अंगाला झाडपाला बांधलेला विदूषक वनचराच्या वेषात उड्या मारीत येई आणि सूत्रधाराशी हुज्जत घालू लागे. पुढे देव येवोत, राक्षस येवोत, हा आपला रंगमंचावर असायचाच. त्याला स्थळकाळाचा विधिनिषेध नव्हता.

भाव्यांचा ‘नाट्यकवितासंग्रह’ १८८५ साली छापला गेला. माझ्या प्रबंधासाठी मी त्याची पाने अनेक महिने उलटली. त्यात पदे आहेत. म्हणजे सूत्रधाराने जे गायिले ते आहे. विदूषक काय बोलला, ते त्यात नाही. असण्याचे कारणही नव्हते, कारण ते कुणी लिहिलेच नव्हते. दर प्रयोगाला ते वेगळे असे आणि पहाटे दिवट्या विझल्या की संपे. मी मात्र त्या न छापलेल्या बोलण्याविषयी निकाल देऊन मोकळा झालो. भावेकालीन विदूषक हा कथानकाच्या प्रवाहातील अडथळा असून अप्रगल्भ रंगभूमीचा अवशेष होय, असे मी लिहिले. परीक्षकांनी त्या वाक्याखाली रेघही मारली नाही. जे कागदावर नाही ते अप्रगल्भ, हा समज त्यांचाही होता आणि माझाही.

कागदावर उतरलेला एक विदूषक मात्र होता; तोही मी नीट पाहिला नाही याची आज लाज वाटते. जोतीराव फुले यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते नाकारले. एका अडाणी कुणबी कुटुंबाला जोशी ग्रहांची भीती घालून कसे लुबाडतो, त्याची ही कथा. या नाटकातला विदूषक राजाचा खुशमस्कऱ्या मित्र नाही. तो प्रसंगाच्या कडेला उभा राहतो आणि जोशी जे बोलतो त्याची फोड करून ऐकणाऱ्यांपुढे ठेवतो. कथा पुढे सरकू लागली की तो तिला थांबवतो. जोशीबुवांचे बोलणे बिनतक्रार ऐकून घेणे हाच त्या काळचा शिष्टाचार असताना, हा माणूस ते ऐकून घेत नाही. नाटक त्या काळी रंगमंचावर आले नाही आणि छापले गेले ते थेट १९७९ साली. आपल्या वाङ्मयेतिहासातला लिखित असा पहिला न ऐकणारा निवेदक सव्वाशे वर्षे हस्तलिखितातच राहिला. मौखिक विदूषक हवेत विरला आणि लिखित विदूषक दप्तरात पडला. दोघांची गत एकच झाली.

पुढचा इतिहास आपणांस ठाऊक आहे. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ केले. पात्रे स्वतःची पदे स्वतः गाऊ लागली. सूत्रधार नटीसह प्रस्तावना करून विंगेत गेला, तो पुन्हा आला नाही. त्या संगीताचे ऋण मी नाकारणार नाही. माझे अर्धे आयुष्य त्यावर पोसले आहे. परंतु त्याच वेळी प्रेक्षकाशी बोलणारा माणूस रंगमंचावरून उतरला, ही नोंदही केली पाहिजे. नंतर १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ आणले. ब्यर्नसन या नॉर्वेजियन नाटककाराच्या कृतीवरून श्री. वि. वर्तकांनी ते लिहिले होते. खऱ्या घरासारखे घर, स्त्रियांच्या भूमिका करणाऱ्या स्त्रिया आणि प्रेक्षक जणू तेथे नाहीतच असे बोलणारी पात्रे. चौथी भिंत मराठीत बांधून पूर्ण झाली. प्रेक्षकही तोवर सुधारला होता : काळोखात गप्प बसायला शिकला होता.

तो सुधारत असताना इकडे तमाशाच्या फडात काय चालले होते? गवळणीत श्रीकृष्ण गौळणींची वाट अडवतो, तर लुगडे नेसलेली, पण मिशीची सावली न लपणारी मावशी खुद्द देवाची वाट अडवून त्याची झडती घेते. वगात राजा गंभीर चेहऱ्याने राज्याची चिंता सांगू लागला, की सोंगाड्या त्याच्याकडे पाठ फिरवून प्रेक्षकांशी बोलतो. सोंगाड्या कथेत असतो आणि कथेबाहेरही असतो. राजा म्हणतो, आपण अरण्यात आलो. सोंगाड्या समोरच्या पानवाल्याकडे बोट दाखवून म्हणू शकतो, की अरण्यात दुकान कोणी टाकले. येथे भिंत नव्हतीच. त्यामुळे ती फोडण्याचा आवही कोणी आणीत नव्हते.

१९६५ साली वसंत सबनीसांनी लिहिलेले ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य आले. दादा कोंडके त्यात हवालदार झाले. या लोकनाट्याचे दीड हजारांवर प्रयोग झाले आणि त्यांतला हवालदार रोज थोडा थोडा बदलत असे. ज्या गावात प्रयोग त्या गावची आणि त्या सकाळच्या वर्तमानपत्राची भर त्याच्या बोलण्यात पडे. त्याची एक अधिकृत संहिता आहे, ती छापली गेली आणि आम्ही ती वर्गात शिकवलीही. ज्यांनी प्रयोग पाहिला होता ते विद्यार्थी पुस्तक उघडून म्हणत, सर, यात ते नाहीच.

१९७२ च्या डिसेंबरात पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’ उभे राहिले. तेंडुलकरांचे लेखन, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचे संगीत. त्यात रंगमंचावर भिंत होती, पण ती माणसांची. एका ओळीत उभे असलेले ब्राह्मण डोलत, गात, आणि पाठीमागे जे घडते आहे ते झाकीत. हवे तेव्हा ती भिंत फुटे आणि तिचीच पात्रे होत. सूत्रधारही विश्वासार्ह नव्हता. तो कथा सांगता सांगता तिच्यात मिसळे, आपले अंग काढून घेई, पुन्हा साळसूदपणे समोर येई. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबवले. कलावंत बाहेर पडले, त्यांनी थिएटर अकॅडमी स्थापन केली आणि १९७४ च्या जानेवारीत ते पुन्हा उभे केले. त्याच वर्षाअखेर याच संस्थेने सतीश आळेकरांचे ‘महानिर्वाण’ केले. त्यातला निवेदक भाऊराव तर पहिल्यापासून मेलेला आहे. चाळीत त्याचे प्रेत पडले आहे आणि तो कीर्तनकाराच्या थाटात स्वतःच्या मरणाचे आख्यान लावतो. जुन्या स्मशानातच मला जाळा, असा त्याचा हट्ट. जुने स्मशान तर बंद होत आहे. कथा संपण्यासाठी निवेदकाने जळणे आवश्यक आहे आणि निवेदक जळायला तयार नाही. नातवाला मी हे सांगितले तेव्हा त्याने प्रथमच संगणक बाजूला ठेवला.

एक कबुली येथे दिली पाहिजे. आम्हा विद्यापीठीय मंडळींना या साऱ्याची थोरवी कळली ती ब्रेख्त वाचल्यावर. पु. लं.नी १९७८ साली ब्रेख्तवरून ‘तीन पैशाचा तमाशा’ केला, तेव्हा आम्ही परिसंवाद भरवले. जर्मनीहून शिफारसपत्र आल्याशिवाय घरच्या सोंगाड्याला आम्ही ओसरीवर घेतले नाही.

आता पैनगंगेच्या अलीकडे, आपल्या जिल्ह्यात येऊ. हा जिल्हा स्वतःच कुठल्याही एका कथेत न बसणारा आहे. निजामाच्या राज्यात तो होता. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, तेव्हा किनवट आणि राजुरा हे तालुके पलीकडे गेले आणि आपण अलीकडे राहिलो. २०१४ साली तेलंगण झाले. २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. जैनथ-बेल्याकडच्या घरांत मराठी बोलणारी माणसे मात्र जिथल्या तिथेच होती. कोणत्याही इतिहासाचा निवेदक डावीकडच्या दाराचे नाव घेवो, आपली वस्ती थोडी उजवीकडे सरकलेली असते.

या मुलखात निवेदकाचे काम पिढ्यान्‌पिढ्या करणारा एक समाज आहे : परधान. राजगोंडांच्या कुळांच्या उत्पत्तिकथा, देवांच्या कथा, पहांदी कुपार लिंगालने गुहेत कोंडलेल्या गोंड देवांना कसे सोडवले ती कथा, हे सारे परधान किंगरीच्या साथीने सांगतात. मानवशास्त्रज्ञ हायमेंडॉर्फ १९४० च्या दशकात मारलवाईला राहिले आणि त्यांनी १९४८ साली ‘द राज गोंड्स ऑफ अदिलाबाद’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या लेखनात आपल्या दृष्टीने एक मोलाची नोंद आहे. येथल्या परधानांची घरची बोली मराठी. यजमानापुढे कथा सांगायची ती गोंडीत. मारलवाईला १९४३ साली गोंड शिक्षकांसाठी केंद्र निघाले आणि तेथली गोंडीची क्रमिक पुस्तके देवनागरीत झाली, यालाही या भागातल्या मराठीचा शेजार कारण होता. आपले थोर इतिहासकार सेतुमाधवराव पगडी याच मुलखात अधिकारी होते आणि त्यांनी गोंडीचा अभ्यास केला. मराठी माणसाला पगडी माहीत असतात ते शिवकाल आणि मोगल दप्तरे यांमुळे. उटनूरच्या जंगलातले पगडी फारसे कुणाला ठाऊक नसतात.

मराठीत विचार करणारा आणि गोंडीत कथा सांगणारा हा निवेदक किती स्वतंत्र आहे? फारसा नाही. कुळाची कथा यजमानाची आहे. देवकार्यात ती जशी आहे तशीच सांगितली पाहिजे. समोर जाणती मंडळी बसलेली असतात आणि चुकले की त्यांना कळते. परधान हा अत्यंत आज्ञाधारक सूत्रधार होय.

मग हुज्जत घालणारा दुसरा कोठे आहे? तो दिवाळीत येतो. दंडारीचे मेळे गावोगाव निघतात आणि त्यांच्यासोबत गुसाडी असतात. डोक्यावर मोरपिसांचा भला मोठा मुकुट, अंगाला राख, खांद्यावर कातडे, हातात दंड. त्या दिवसांत गुसाडी स्नान करीत नाही, कारण त्याच्या ठायी देव आहे. देवच असल्यामुळे तो वाटेल ते करू शकतो. बसलेल्या माणसाची खोडी काढील, पाहुण्याच्या अंगावर धावून जाईल, नाचात मधेच शिरेल. त्याच्यावर कोणी रागवायचे नाही. मारलवाईचे कनक राजू यांनी या नृत्याची परंपरा पुढच्या पिढीला शिकवली. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०२४ साली ते निवर्तले. त्यांच्या निमित्ताने गुसाडीची छायाचित्रे सर्वत्र छापली गेली. छायाचित्रात मोरपिसे फार सुंदर दिसतात. खोडी दिसत नाही.

नाट्यशास्त्राने सूत्रधार आणि विदूषक एकाच मंचावर उभे केले. आपल्या डोंगरांनी त्यांना दोन समाजांत आणि दोन प्रसंगांत वाटून दिले. परधानाचे कथन लिहून घेता येते आणि लिहून घेतले गेले. गुसाडीची थट्टा ज्या अंगणात झाली त्या अंगणातच संपते.

तेलुगु बुर्रकथेत हे दोघे पुन्हा एकत्र येतात. मुख्य कथेकरी मध्ये, दोन्ही बाजूंना दोन साथीदार. एक हास्याचा, दुसरा राजकारणाचा. कथेकरी जुन्या राजाचे आख्यान लावतो. एक साथीदार त्याची टिंगल करतो आणि दुसरा तेच सूत्र आजच्या राज्यकर्त्यांपर्यंत आणून ठेवतो. १९४० च्या दशकात हा प्रकार इतका प्रभावी झाला, की मद्रास इलाख्यात इंग्रज सरकारने आणि इकडे निजाम सरकारने त्यावर बंदी घातली. हैदराबाद संस्थानात सभा-समारंभांना आधी परवानगी घ्यावी लागे. त्याविषयीचे ‘गश्ती निशान ५३’ हे फर्मान जुन्या माणसांच्या तोंडी अजून ऐकू येते. इंग्रज मुलखात १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याने हेच केले होते आणि स्वातंत्र्यानंतरही संहिता आधी मंडळाकडे सादर करण्याची रीत महाराष्ट्रात राहिली. सरकार कोणतेही असो, त्याला सूत्रधाराची अडचण नसते. त्याचे बोलणे आधी लिहून मागता येते. अडचण असते ती साथीदाराची. तो काय बोलणार हे त्याला स्वतःलाच आधी माहीत नसते.

नातवाच्या खेळाकडे मी या नजरेने पुन्हा पाहिले. त्यात एक गोष्ट मला खरोखर अपूर्व वाटली. नातू ज्या ज्या रीतीने हुकूम मोडील त्या त्या रीतीचे उत्तर कोणीतरी आधीच लिहून, केव्हन ब्रायटिंग नावाच्या नटाच्या आवाजात नोंदवून ठेवले आहे. झाडूच्या खोलीतला आळसही कोणीतरी हिशेबात धरला आहे. आपल्या परंपरेत न ऐकणाऱ्याचे बोलणे कधीच टिकले नाही. येथे ते एकूण एक टिकले आहे. हे कौतुकास्पद आहेच. पण मी नातवाला विचारले, “तू असं काही करू शकतोस का, ज्याला त्या माणसाकडे उत्तर नाही?” त्याने बराच वेळ प्रयत्न केला. कुठे कुठे निवेदक गप्प राहिला. पण निरुत्तर झाला असे वाटले नाही. सोंगाड्यासमोरचा राजा निरुत्तर होतो आणि तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे दिसते ते नाटकातले नसते.

हे मला ठाऊक आहे, कारण तो राजा नसलो तरी सूत्रधार मी होतो. १९६० च्या दशकातले आपल्या शाळेचे स्नेहसंमेलन. गुरुजींनी एक छोटा वग लिहिला होता. मी वर्गात पहिला येणारा, पाठांतर चोख, म्हणून सूत्रधार. सोंगाड्या झाला होता पैनगंगेकाठच्या एका खेड्यातला मुलगा. तो वर्गात क्वचित तोंड उघडी. मी माझे वाक्य म्हटले, की राजा शिकारीसाठी घनदाट सागवानी जंगलात शिरला. त्याने त्याचे वाक्य म्हणायचे होते. ते न म्हणता तो कपाळावर हात धरून लांबवर पाहू लागला आणि म्हणाला, “कोणतं जंगल? गेल्या साली तर सगळं लॉरीत भरून नेलं न!” पहिल्या रांगेत प्रमुख पाहुणे बसले होते. ते लाकडाचे मोठे व्यापारी होते आणि शाळेच्या नव्या खोलीला त्यांनी देणगी दिली होती.

मागे बसलेले शेतकरी पालक जे हसले ते हसणे मी त्यानंतर कुठल्याही नाट्यगृहात ऐकलेले नाही. मला पुढचे वाक्य आठवेना. मी तेच वाक्य पुन्हा म्हटले. त्याने पुन्हा जंगल शोधले. शेवटी कोणीतरी पडदा पाडला. माझे नाटक त्याने बिघडवले म्हणून मी त्या मुलाशी वर्षभर बोललो नाही. वीस वर्षांनी प्रबंधात विदूषकाला कथानकाच्या प्रवाहातील अडथळा म्हणणारा विद्वान आणि पडद्यामागे रडणारा तो सूत्रधार यांत काही अंतर होते असे मला आज वाटत नाही.

दुसऱ्या वर्षी व्यवस्थापनाकडून सूचना आली, की संमेलनातील सर्व नाट्यप्रवेशांच्या संहिता आठ दिवस आधी लिहून सादर कराव्यात आणि संमत झालेल्या मजकुराबाहेर एकही शब्द बोलला जाऊ नये. गुरुजींनी नवा वग लिहिला. संहितेची सुवाच्य प्रत काढण्याचे काम अक्षर चांगले म्हणून माझ्याकडे आले. सूत्रधाराची वाक्ये होती, राजाची होती, प्रधानाची होती. मधे तीन ठिकाणी ‘सोंगाड्या’ असे लिहून पुढे विसर्ग दिला होता आणि दोन ओळींची जागा कोरी सोडली होती. मी प्रत करताना गुरुजींना विचारले, “येथे काय लिहू?” ते म्हणाले, “आहे तसं उतरव.” मी तशाच तीन कोऱ्या जागा सोडून प्रत पूर्ण केली. ती वर गेली आणि प्रत्येक पानावर संमतीची सही होऊन परत आली.